पहाटेचं गाणं : घनश्याम सुंदरा

या आठवड्याला पहाटेचं गाणं आणि त्यामागची आठवण मागितलीये, तर माझं ठरलेलंच आहे: 'घनश्याम सुंदरा श्रीधरा'. १९५१ सालच्या 'अमर भूपाळी' चित्रपटातलं, रचना शाहीर होनाजींची, संगीत वसंत देसाईंचं, गायलंय लताबाई आणि पंडितराव नगरकरांनी.

आमचं घर सांगलीवाडीत. आजी अंधारातच उठून बंब पेटवायची आणि गोठ्यात शिरायची. खिडकीतला रेडिओ कायम सांगली आकाशवाणीवर. हे गाणं लागलं की मी गोधडी गुंडाळून गोठ्याच्या दारात जाऊन बसायचो. बादलीत पडणारी धार सुरुवातीला टणटण वाजते, मग फेस चढला की आवाज मऊ होत जातो. तो मऊ आवाज आणि लताबाईंचा सूर माझ्या कानात आजही एकत्रच आहेत. गाण्यातही धार काढायचीच वेळ आहे ना, त्यामुळे लहानपणी मला खरंच वाटायचं, हे आजीसाठीच लिहिलंय.

२०१९च्या महापुरात गोठा पडला, रेडिओही गेला. आजी त्याच्या आधीच गेली होती. लताबाईंचं लहानपण सांगलीत गेलं, म्हणून ती त्यांना कायम 'आपल्या गावची पोर' म्हणायची.