कारला बाहेरचा हेडर घरीच बसवणे: योग्य की अयोग्य?

गोदाकाठ (पैठण)

माझ्याकडे २००४ सालची चार सिलिंडरची पेट्रोल कार आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू गोळा करून पुढच्या पाइपात नेणारा भाग, तडकला. सकाळी थंड इंजिन सुरू केले की टकटक आवाज येई आणि बीड तापून तडा मिटला की तो थांबे. नवा मूळ भाग कुठेच मिळेना, आणि भंगारात जो मिळाला तो अगदी त्याच जागी तडकलेला निघाला. शेवटी मी मॅनिफोल्डच्या जागी बसणारा स्टेनलेस स्टीलच्या पाइपांचा हेडर मागवला, चार-दोन-एक पद्धतीचा (चार पाइपांचे दोन आणि दोहोंचा एक होणारा), आणि दोन रविवार खर्चून दारातल्या लिंबाखाली स्वतःच्या हाताने बसवला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (जळक्या वायूतले विषारी घटक कमी करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर आणि सायलेन्सर जिथल्या तिथे आहेत.

माझे मत असे की, ज्याला पाना धरता येतो आणि ज्याच्याजवळ धीर आहे, त्याने हे काम घरीच करावे, कारण या कामाला लागतो तो वेळ, आणि तो गॅरेजवाल्याकडे नसतो. खरी कसोटी जुने नट सोडवतानाच लागते. वीस वर्षे तापून-निवून गंजलेल्या नटावर एकदम जोर लावला, तर स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा, इंजिनाच्या हेडमध्येच तुटतो. मी तीन दिवस रोज संध्याकाळी आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडत होतो. चौथ्या दिवशी इंजिन कोमट करून प्रत्येक नट आधी किंचित आवळला आणि मगच सैल केला. शेवटचा नट मात्र फिरता फिरता हाताला मऊ लागला. ज्याने पाना चालवला आहे त्याला हा मऊपणा कळतो, कारण त्या वेळी नट सुटत नसतो, स्टड पिळला जात असतो. मी तिथेच थांबलो, नट परत आवळला, पुन्हा तेल सोडले आणि रात्र जाऊ दिली. सकाळी तो सुटला. ज्याच्या दारात आणखी चार गाड्या उभ्या आहेत, असा कारागीर त्या एका नटासाठी रात्रभर थांबला असता का?

मांजराकाठ (लातूर)

आपण काम मनापासून केले आहे, हे वाचताना जाणवते. तरीही माझा विरोध आहे आणि तो कौशल्याला नसून मूळ निर्णयाला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

आपल्या गाडीची १५ वर्षे कधीच उलटली आहेत, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयात तपासणीला उभी राहणार. तिथे निरीक्षकाने बॉनेट उघडून ते चकचकीत पाइप पाहिले, तर आपण काय सांगणार? शिवाय अपघात झाला आणि विमा कंपनीला हा बदल कळवलेलाच नसला, तर दाव्याला हरकत घेण्यासाठी आपण तिच्या हाती आयते कारण देता.

गोदाकाठ (पैठण)

मी गाडीची क्षमता वाढवायला निघालो नव्हतो. तडकलेला भाग बदलायचा होता आणि मूळ भाग उपलब्ध नव्हता. हेडर बसवल्यावर पीयूसी केले. माझी गाडी कार्बन मोनॉक्साइडच्या मर्यादेच्या आत आली. आवाजही वाढलेला नाही, कारण सायलेन्सर मूळचाच आहे. तडकलेल्या मॅनिफोल्डमधून बॉनेटखाली विषारी वायू सोडत फिरणारी गाडी कायदेशीर आणि माझी आजची गाडी बेकायदेशीर, हे मला पटत नाही.

मांजराकाठ (लातूर)

तडकलेली गाडीही रस्त्यावर आणू नयेच, त्यामुळे ही तुलना टिकत नाही. आणि पीयूसीचा आधार फार मोठा समजू नका. त्या तपासणीत पेट्रोल गाडी जागेवर उभी असते, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. गाडी भरलेली असताना घाटात ती काय सोडते, ते त्या कागदावरून कळत नाही.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

मी अनेक वर्षे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाइप वाकवणे आणि वेल्डिंग हेच काम करतो. माझे मत दोघांपेक्षा वेगळे आहे. काम घरी करायला माझी हरकत नाही, पण रोजच्या वापराच्या, बाकी सर्व मूळचेच असलेल्या गाडीला हेडर लावणे मला अर्थहीन वाटते.

हेडर नेमके काय करतो, हे आधी समजून घ्यावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून धावते. पाइप जिथे दुसऱ्या पाइपांना मिळतो, तिथे ती लाट उलटते आणि कमी दाबाची लाट होऊन व्हॉल्व्हकडे परत येते. ती जर इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतानाच पोहोचली, तर सिलिंडरमधला उरलेला जळका वायू ओढून काढते आणि ताजे मिश्रण आत यायला मदत करते. चार-दोन-एक रचनेत पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या लावतात, कारण १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात या जोडीतले ठोके एकमेकांपासून सर्वांत लांब पडतात. पण लाट वेळेवर परतणे हे पाइपाच्या लांबीवर आणि इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. एका लांबीचा लाभ फेऱ्यांच्या एका टप्प्यातच मिळतो, आणि बाजारातले हेडर बहुधा वरच्या फेऱ्यांचा विचार करून बनवलेले असतात. पैठण ते संभाजीनगर आपण कितीदा ५,००० फेऱ्यांच्या वर इंजिन नेता?

दुसरी गोष्ट बनावटीची. स्वस्त हेडरचा फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकून बसणारी त्याची पट्टी, पातळ असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकतो आणि मग कितीही नवे पॅकिंग घातले तरी वायू गळतोच. आपण फ्लँज सपाट आहे का, हे पोलादी पट्टी आणि फिलर गेज (फट मोजण्याची पाती) लावून पाहिले होते का? पाइपाच्या आत बोट फिरवून वेल्डची कड आत आली आहे का, हे तपासले होते का? तशी कड असेल तर जो मोकळा मार्ग मिळावा म्हणून हेडर घेतला, तोच तिथे अडतो.

पूर्णाकाठ (परभणी)

मी गोदाकाठ यांच्या बाजूने आहे. माझ्या गाडीचे हेच काम गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये दिले होते. तिथे एक स्टड तुटला. मला न सांगता त्या जागी सीलंट भरून गाडी हातात दिली. दोन महिन्यांत सरासरी १५ वरून ११ किलोमीटरवर आली आणि कोणालाही कारण सापडेना. शेवटी मी स्वतः थंड इंजिनावर फ्लँजजवळ साबणाचे पाणी मारले, मुलाला गाडी सुरू करायला सांगितली आणि बुडबुडे उठले तेव्हा उलगडा झाला. गळतीतून नुसता वायू बाहेर जात नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या कमी दाबात बाहेरची हवा आतही ओढली जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला ती हवा दिसते, त्याला वाटते इंधन कमी पडते आहे, आणि इंजिनाचा संगणक आणखी पेट्रोल सोडत राहतो. हेच काम मी केले असते, तर स्टड तुटला हे निदान मला ठाऊक असते.

बालाघाट (बीड)

एवढ्या चर्चेत गाडीखाली झोपणाऱ्या माणसाचा विचार कोणीच केला नाही, म्हणून लिहितो.

माझ्या धाकट्या भावाने असाच उत्साहाने हेडर बसवायला घेतला. अंगण मुरमाचे. गाडीसोबत मिळालेला जॅक लावला आणि खालचा जोड सोडवायला आत शिरला. पाना जोरात ओढताना गाडी हलली, जॅकचा पाय मुरमात रुतला आणि तिरका झाला. नशीब एवढेच की चाक आधीच काढून गाडीखाली आडवे सरकवून ठेवलेले होते. गाडी त्या चाकावर टेकली, पण भावाचे मनगट मध्ये सापडले आणि दोन ठिकाणी मोडले. खरिपाच्या पेरणीत तो घरी बसून होता. तो जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. पक्क्या काँक्रीटवर दोन जॅक स्टँड लावून गाडी त्यांच्यावर उतरवल्याशिवाय आणि हलवून पाहिल्याशिवाय खाली जाऊच नये. आमच्याकडे किती घरांत जॅक स्टँड आहेत? त्यामुळे ‘घरीच करावे’ हा सरसकट सल्ला मला धोक्याचा वाटतो.

आणखी एक. हेडरचे पाइप पातळ असतात, बाहेर उष्णता जास्त फेकतात आणि बऱ्याचदा उष्णता अडवणारी मूळची पत्र्याची ढाल परत बसतच नाही. काही हेडर खाली इतके उतरतात की गावोगावच्या गतिरोधकांवर घासतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी काढल्यावर आपण गाडी थेट खळ्यावर, कडब्याच्या शेजारी नेऊन लावतो. तापलेला पाइप कडब्याला टेकला तर काय होईल, याचा विचार करावा.

गोदाकाठ (पैठण)

बालाघाट, आपल्या भावाच्या हाताबद्दल वाचून फार वाईट वाटले. मी जॅक स्टँड वापरले होते आणि फरशीवर काम केले होते, पण ते लेखात लिहिले नाही, ही माझी चूक आहे. सल्ला देणाऱ्याने ते सर्वांत आधी लिहायला हवे होते. पत्र्याची ढाल मी कापून-वाकवून परत बसवली आहे आणि पाइप खाली आलेला नाही.

वाळूजकर, फ्लँज मी पट्टी लावून पाहिला होता. मधोमध अगदी बारीक फट होती. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या) तीन टप्प्यांत आवळले आणि गाडी दोनदा तापवून पूर्ण निवल्यावर पुन्हा तपासले. वेल्डच्या आतल्या कडा मात्र तपासल्या नाहीत. वेग वाढल्याचा दावा मी करत नाही.

मांजराकाठ (लातूर)

आपण सांभाळून केले, हे मान्य. पण आपले वाचून उद्या कोणी तरुण २०२० नंतरच्या बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण मानकाच्या) गाडीवर हाच प्रयोग करील. त्यातल्या अनेक गाड्यांत कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, म्हणजे हेडर बसवायचा तर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असलेला तो भागच काढून टाकावा लागतो. मग डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि तो विझवण्यासाठी पुढचे गैरप्रकार सुरू होतात. आपण निदान मूळ लेखात ही मर्यादा घालावी.

गोदाकाठ (पैठण)

मर्यादा मान्य आहे आणि मी ती स्पष्ट शब्दांत लिहितो: ज्या गाडीत कन्व्हर्टर काढावा लागतो, तिला हेडर बसवू नये, घरीही नाही आणि गॅरेजमध्येही नाही. जुन्या गाडीचे काम मालकाने स्वतः करावे, हे मत मात्र मी सोडत नाही.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

तडकलेला मॅनिफोल्ड भंगारात दिला नसेल, तर मला आणून दाखवा. बीड आधी सावकाश तापवून, तड्याच्या दोन्ही टोकांना छिद्र पाडून, निकेलच्या रॉडने थोडे थोडे वेल्डिंग करायचे आणि मग कोरड्या राखेत पुरून रात्रभर निवू द्यायचे. तडा फ्लँजपर्यंत गेला नसेल, तर तो धरेल. मग मांजराकाठ यांचा आक्षेपही उरणार नाही.

गोदाकाठ (पैठण)

मॅनिफोल्ड पडवीत पोत्यात गुंडाळून ठेवला आहे. आत्ताच पाहून आलो, तडा फ्लँजच्या अलीकडे दीड बोटावर थांबलेला दिसतो. रविवारी सकाळी घेऊन येतो. वेल्डिंग टिकले तर मूळ भाग परत बसवीन, आणि तेही लिंबाखालीच.