शेतातून थेट घरी: माल पिकवणाऱ्यांचे, विकणाऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचे अनुभव

महाराष्ट्रात जुलै 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि शेतकऱ्याला आवाराबाहेर कोणालाही माल विकण्याची मुभा मिळाली. त्यानंतर शहरांत शेतकरी आठवडे बाजार वाढले, सोसायट्यांच्या फाटकापर्यंत भाजीच्या गाड्या येऊ लागल्या. अशा थेट व्यवहारात कोणाला किती भाव मिळाला, यावर पुष्कळ बोलले जाते. मात्र उरलेला माल, बिघडलेले हवामान आणि अचानक पडलेला भाव यांचा भार कोण उचलतो, याचा विचार क्वचितच होतो. ज्यांनी असा माल पिकवला, विकला किंवा नेमाने घेतला आहे, त्यांनी या अंगाने आपले अनुभव मांडावेत, ही विनंती.

टोमॅटो उत्पादक, जुन्नर तालुका

आमचा सगळा टोमॅटो पूर्वी नारायणगावच्या बाजारात जात असे. 20 किलोंचे क्रेट उतरवायचे, लिलावात पुकारला जाईल तो भाव मान्य करायचा आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, घेऊन परतायचे, एवढेच आमच्या हाती होते. आता आम्ही काही शेतकरी गट करून पुण्यातील आठवडे बाजारात बसतो. भाव चांगला मिळतो हे खरे, पण प्रतवारी, वाहतूक आणि दिवसभराची विक्री हे सारे आमच्याच अंगावर आले. खरी परीक्षा संध्याकाळी असते, कारण लिलावातला माल हलक्या भावाने का होईना, संपतो. इथे मात्र राहिलेली कोथिंबीर आणि पालक दुसऱ्या दिवशी कोणी हातात धरत नाही. म्हणून काही कुटुंबांशी आम्ही हंगामभराचा दर ठरवून घेतला. 2023 च्या जुलैत किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा आम्ही त्यांना ठरल्या दरानेच दिला. पुढे भाव कोसळून तोडणीची मजुरीही सुटेना, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबांनी तोच दर आम्हाला दिला. बाकीची स्वस्त मालाकडे वळली. त्यांना मी दोष देत नाही, पण लागवड किती करायची हे आता टिकून राहिलेल्यांकडे पाहून ठरवतो.

सोसायटीची एकत्रित खरेदी पाहणारी गृहिणी, ठाणे

2020 च्या टाळेबंदीत वाशीच्या बाजाराचे काम विस्कळीत झाले, तेव्हा आम्ही देवगडच्या एका बागायतदाराकडून हापूसच्या पेट्या थेट मागवल्या. आंबा उत्तम होता. वाद झाला तो साक्यावरून. साका झालेले फळ बाहेरून निर्दोष दिसते आणि कापल्यावरच आतला पांढरट, स्पंजासारखा गर दिसतो, त्यामुळे बागायतदारालाही तो आधी ओळखता येत नाही. शेवटी असे ठरले की पेटीत एखाददुसरे फळ असे निघाले तर ग्राहकाने सोसावे, त्याहून अधिक निघाल्यास कापलेल्या फळाचे छायाचित्र पाठवावे आणि पुढच्या पेटीत भरपाई घ्यावी. त्यानंतर तक्रारी जवळजवळ थांबल्या.

शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक, यवतमाळ जिल्हा

आम्ही सभासदांची तूर घेऊन डाळ करतो. अडचण एकच, पण मोठी आहे: काढणीनंतर शेतकऱ्याला उधारी फेडण्यासाठी लगेच रोख लागते, व्यापारी ती देतो, आणि आमचे पैसे डाळ विकली गेल्यावरच मोकळे होतात. ज्या ग्राहकांनी वर्षाच्या डाळीचे अर्धे पैसे आगाऊ भरले, त्यांच्यामुळेच आम्हाला सभासदांची तूर वेळेवर उचलता आली.

ग्राहक, मॅसॅच्युसेट्स

इथे 1986 पासून अशी शेती चालते, जिच्यात कुटुंबे हंगामाआधी पैसे भरून पिकातला वाटा विकत घेतात आणि दर आठवड्याला शेतात जे निघेल ते घरी आणतात. 2009 च्या उन्हाळ्यात ईशान्य अमेरिकेत टोमॅटोवर उशिरा येणारा करपा पसरला. आमच्या टोपलीत त्या वर्षी टोमॅटो जवळजवळ आलेच नाहीत. नवलकोल, कोबी आणि बिटाचा पाला मात्र भरपूर आला. नवलकोलाची चणाडाळ घालून भाजी आणि बिटाच्या पाल्याची पातळभाजी महिनाभर खावी लागली, तरी पैसे परत मागावेत असे वाटले नाही, कारण वाटा घेतानाच ही जोखीम लेखी मान्य केलेली होती. शेतकऱ्याने मात्र दर आठवड्याला पत्र लिहून कोणते पीक गेले आणि का गेले, हे न लपवता कळवले. आपल्याकडे ही पद्धत रुजवायची असेल, तर आगाऊ पैशांइतकेच हे पत्रही आवश्यक आहे, असे माझे ठाम मत आहे.