मागून या, समोरून नको

कुत्र्याला दोघांनी मिळून घट्ट दाबून धरावं आणि डोळ्यात औषधाचे थेंब घालावेत, हा सल्ला मला पटत नाही. एकदा निभतं, पण आठवडाभर दिवसातून तीन-चार वेळा घालायचे असतील तर दुसऱ्याच दिवशी बाटली दिसली की तो पलंगाखाली शिरतो. आमच्या कुत्रीचं असंच झालं होतं. तिचा विश्वास परत मिळवायला फार दिवस लागले.

समोरून डोळ्याकडे येणारा हात कुत्र्यांना घाबरवतो. म्हणून त्याला बसवून तुम्ही मागे बसा, त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकू द्या, म्हणजे मागे सरकायला जागाच उरत नाही. एका हाताने हनुवटी वर उचला. बाटलीचा हात त्याच्या डोक्यावर टेकवा, त्याच हाताने वरची पापणी किंचित मागे ओढा आणि थेंब वरून सोडा. हात टेकलेला असला की त्याने मान हलवली तरी हातही सोबत हलतो, बाटलीचं टोक डोळ्यात घुसत नाही. एक थेंब नीट पडला की पुरे, जास्तीचा बाहेरच ओघळतो. मग लगेच खाऊ, दर वेळी. मधूनमधून नुसती बाटली दाखवूनही खाऊ द्या.

दोन औषधं असतील तर मध्ये निदान 5 मिनिटं जाऊ द्या, मलम शेवटी.

आणि कृपा करून घरातले जुने थेंब वापरू नका. बुबुळावर जखम असेल आणि थेंबांत स्टेरॉइड असेल तर डोळा गमवावा लागू शकतो. कुत्रा डोळा मिटूनच धरत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.