संशोधनाच्या मशीनवर विंडोज? मला पटत नाही

रेणूवाला: काल इथे एकांनी लिहिलं, 'विंडोज ठेवा, आत डब्ल्यूएसएल चालवा, लिनक्सच्या भानगडीत पडू नका.' वाचून राहवलं नाही. डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय. त्याचं २ हे व्हर्जन मुळात मशीनची निम्मीच रॅम घेतं. ६४ जीबीचे पैसे मोजून सिम्युलेशनला ३२ द्यायची? सी ड्राइव्हवरच्या हजारो लहान फाइली आतून वाचताना तर जीव जातो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वात वेगवान संगणकांच्या टॉप५०० यादीतला प्रत्येक महासंगणक लिनक्सवर आहे. जॉब शेवटी क्लस्टरवरच (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) टाकायचा, मग टेबलावर वेगळं कशाला?

उघडी_खिडकी: ते मीच लिहिलं. रॅमची मर्यादा कॉन्फिग फाइलमधल्या एका ओळीने वाढते. डेटा लिनक्सच्या बाजूला ठेवा, वेग येतो. आमच्या स्पेक्ट्रोमीटरचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. गाईडना थीसिस वर्डमध्येच लागतो. दुसऱ्या मशीनला ग्रांट कुठून आणू?

रेणूवाला: आणि अपडेटसाठी मध्यरात्री रीस्टार्ट झालं तर? रन गेल्याचं दुःख मला माहीत आहे. पीएचडीच्या शेवटच्या वर्षी नऊ दिवसांचा रन वीज गेल्याने गेला.

जुनं_खोड: नऊ दिवस आणि चेकपॉइंट, म्हणजे मध्येमध्ये साठवलेली स्थिती, नाही? रेणूंच्या सिम्युलेशनचं ग्रोमॅक्स सॉफ्टवेअर ती दर १५ मिनिटांनी स्वतःहून लिहितं!

रेणूवाला: स्वतःचा फोरट्रान कोड होता. सरांच्या सरांनी लिहिलेला.

जुनं_खोड: मग त्यात आधी रीस्टार्ट फाइल लिहायला हवी होती. आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, तेव्हा लिनक्सही तितकाच आडवा होतो.

उघडी_खिडकी: हेच म्हणतोय! आधी यूपीएस घ्या.

जुनं_खोड: तोही नीट बघून. दोन जीपीयू (ग्राफिक्स कार्डं) पूर्ण लोडवर असताना ६०० व्हीएचा यूपीएस लगेच ट्रिप होतो. 'ऑनलाइन' प्रकारचा (सतत बॅटरीमार्फत वीज देणारा) यूपीएस घ्या, बॅटऱ्या वेळेवर बदला. लॅबमध्ये लाखाचं कार्ड येतं, बॅटरीच्या बिलावर मात्र सही होत नाही. याचा मला खरंच संताप येतो.

रेणूवाला: यूपीएस पुरे! डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कोणता ते बोला.

जुनं_खोड: सेंटॉस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते, ३१ डिसेंबर २०२१ लाच संपले. सेंटॉस ७ जून २०२४ मध्ये गेलं. क्लस्टरवर सेंटॉसच्या जागी आलेले रॉकी किंवा अल्मा असेल तर टेबलावरही तेच टाका. नाहीतर डेबियन.

रेणूवाला: बरं, स्पेक्ट्रोमीटरचं मशीन विंडोजवर राहू दे. तेवढंच मान्य. आठवडाभर चालणारा रन त्यावर नको.

उघडी_खिडकी: जुन्या डेस्कटॉपवर डेबियन टाकून बघतो. पण कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यानंतर जीपीयूचा ड्रायव्हर उठला नाही, तर त्याच दिवशी विंडोजवर परत.