आमवात आणि हृदय: बायकांचा धोका कागदावर कमी का दिसतो?

प्रश्न: आमवातात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) हृदयविकाराचा धोका दीडपट धरतात. बाई-पुरुष दोघांना हाच गुणक? आणि कोलेस्टेरॉल नॉर्मल असेल तर निर्धास्त राहायचं का?

प्रतिसाद १: गुणक एकच, १.५. फरक मूळ आकड्यात आहे. एखाद्या बाईचा १० वर्षांचा धोका २% निघाला, तर दीडपट करूनही ३%च. म्हणजे कागदावर ती 'सुरक्षित'. लवकर आलेली रजोनिवृत्ती, गरोदरपणात वाढलेलं बीपी हे बहुतेक कॅल्क्युलेटर (धोका मोजणारी साधनं) विचारतच नाहीत. डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि हो, क्यूरिस्क ३ या कॅल्क्युलेटरमध्ये आमवात आधीच धरलाय, तिथे पुन्हा गुणू नका.

प्रतिसाद २: कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर, सूज जोरात असताना एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) उलट खाली येतं. तो रिपोर्ट बघून खूश होण्यात अर्थ नाही. सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) उतरून आजार स्थिरावला की पुन्हा तपासा.

प्रतिसाद ३: छातीत दुखणं बायकांतही मुख्य लक्षण आहेच, पण जोडीला धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं जास्त आढळतं. थकवा तर सरळ आमवाताच्या खात्यावर टाकला जातो! अँजिओग्राफी स्वच्छ आली तरी बारीक रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो, आणि तो बायकांत अधिक दिसतो.

प्रश्नकर्ता: वेदनाशामक गोळ्या?

प्रतिसाद १: कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. हृदयासाठी साधी (कोटिंग नसलेली) अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आयब्युप्रोफेन तिच्यानंतर किमान ३० मिनिटांनी किंवा ८ तास आधी घ्यावी, नाहीतर अ‍ॅस्पिरिनचा परिणाम अडतो. दोन्ही एकत्र घ्यायच्या का, हे मात्र आधी डॉक्टरांना विचारा.