शब्दचर्चा : ‘कायदेशीर करणे’ म्हणजे नक्की काय करणे?

भवानीमंडप
कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेला विषय ठरलाय : ‘वेश्याव्यवसाय कायदेशीर करण्याची राजकीय शक्यता’. पत्रक छापायला जाण्याआधी दोन शंका आहेत. ‘कायदेशीर करणे’ बरोबर आहे, की ‘मान्यता देणे’, ‘बंदी उठवणे’, ‘गुन्हेमुक्त करणे’ यांतलं काही घ्यावं? आणि त्या बाईसाठी शब्द कोणता? वेश्या, देहविक्रय करणारी महिला की लैंगिक कामगार? प्रत्येक शब्दामागे कुठला कायदा उभा आहे, हे मुलांना कळायला हवं.

कलमदान
आहे तसं छापू नका. ‘कायदेशीर करणे’ म्हटलं की आज ते बेकायदा आहे असं गृहीत धरलं जातं आणि निम्मी मुलं तिथंच घसरणार. आपल्याकडचा कायदा आहे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. पोलिसांच्या आणि बातमीदारांच्या तोंडी ‘पिटा’. सज्ञान बाईनं स्वखुशीनं, एकटीनं, खासगी जागेत पैसे घेऊन संबंध ठेवणं हा या कायद्यात गुन्हाच नाही. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये सुधारगृहात ठेवलेल्या तीन तरुणींना सोडताना हेच स्पष्ट केलं.

गुन्हा आहे तो भोवतालच्या सगळ्याचा. कलम ३ कुंटणखाना चालवणं आणि त्यासाठी जागा देणं. कलम ४ तिच्या कमाईवर जगणं. कलम ५ धंद्यात आणणं. कलम ७ देऊळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत धंदा करणं. कलम ८ सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला खुणावणं किंवा बोलावणं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम २० खाली तर दंडाधिकारी तिला ठरावीक हद्दीतून निघून जायला सांगू शकतात.

२०० मीटरची अट आपल्या कोल्हापूरच्या पेठांना लावून बघा. शिवाजी पेठ काय, मंगळवार पेठ काय, जिच्या २०० मीटरांत एक देऊळ, एक शाळा नाही अशी खोली सापडायची नाही. म्हणजे जो गुन्हा नाही म्हणून वर सांगितलं, तो गावात करायला जागाच राहत नाही. ‘बंदी उठवणे’ हा पर्याय म्हणूनच बाद. सरसकट बंदी मुळात नाही, आहेत त्या सगळ्या बाजूंनी घातलेल्या अटी.

शब्दवेडी
कलमदान, ‘कुंटणखाना’ शब्दावर जरा थांबू. संस्कृतात कुट्टनी, म्हणजे मध्यस्थी करून बायका पुरवणारी. तिची मराठीत कुंटीण झाली, तिला फारसी ‘खाना’ जोडला. बोली अर्थानं जिथे कुंटीण आहे, मधली कुणीतरी पैसे खाते आहे, ती जागा. कायद्यातला अर्थही तेवढाच आहे का?

कलमदान
नाही, बराच ऐसपैस आहे आणि घोटाळा तिथंच होतो. कलम २ मधल्या व्याख्येत दुसऱ्या कुणाच्या फायद्यासाठी वापरलेली जागा तर येतेच, शिवाय दोन किंवा अधिक बायकांनी आपापसांतल्या फायद्यासाठी वापरलेली जागाही येते. दोघींनी मिळून खोली घेतली, भाडं निम्मं निम्मं भरलं, मध्ये दलाल नाही, घरवाली (अड्डा चालवणारी बाई) नाही, तरी कायद्याच्या भाषेत तो कुंटणखाना. एकीच्या खोलीत गिऱ्हाईक दारू पिऊन अंगावर आलं तर हाकेला शेजारी दुसरी असावी, ही सुरक्षेची साधी सोय. तीच त्यांना आरोपी करते. न्यूझीलंडच्या २००३ च्या कायद्यात नेमकी याच्या उलट तरतूद आहे. चारपर्यंत बायका एकत्र काम करत असतील आणि जिची तिची कमाई तिच्याच हातात असेल, तर परवानासुद्धा लागत नाही.

याचा पुढचा फटका कागदपत्रांना. जागा दिली तर कलम ३ आपल्याला लागेल म्हणून घरमालक भाडेकरार लिहून देत नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून रेशनकार्ड अडतं, पोरांच्या दाखल्यांना खोळंबा. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये आधारची वाट मोकळी केली ती यामुळेच : नाको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालेल, आणि ती या धंद्यातली आहे हे ओळखू येईल असा कुठलाही संकेत कार्डावर नको.

निपाणीवाट
‘कमाईवर जगणं’ यावर लिहितो, कारण हा भाग शब्दांमुळेच बिघडतो. सांगली, मिरज, निपाणी या पट्ट्यात धंद्यातल्या बायका ‘मालक’ म्हणतात तो खोलीचा किंवा अड्ड्याचा धनी नव्हे. मालक म्हणजे तिचा कायमचा जोडीदार. बऱ्याचदा पोरांचा बाप. अड्डा चालवणारी ती ‘घरवाली’. गिऱ्हाईक आणणारा दलाल किंवा एजंट. आता जबाब लिहिताना बाई म्हणाली, ‘मालक माझ्याकडेच राहतात,’ आणि हवालदारानं ते तसंच उतरवलं, तर वाचणाऱ्याला तो कुंटणखान्याचा मालक वाटतो. त्यात कलम ४ असं की अठरा वर्षांवरचा जो कुणी तिच्यासोबत राहतो किंवा नेहमी तिच्या संगतीत असतो, तो तिच्या कमाईवर जगतो असं धरूनच चालायचं. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. अठरा पुरी झालेला कॉलेजातला मुलगासुद्धा त्या मापात बसतो.

स्पर्धेत कुणी ‘मालकांना शिक्षा झालीच पाहिजे’ म्हणालं, तर परीक्षकांनी कुठला मालक, हे जरूर विचारावं.

उत्तरेश्वर
भावांनो, ‘सुटका’ राहिली की. दर चार दिवसांनी बातमी : ‘बनावट ग्राहक पाठवून छापा, दोन पीडित महिलांची सुटका.’ सुटका झाली म्हणजे त्या घरी गेल्या असंच वाचणारा समजतो.

कलमदान
घरी जात नाहीत. कायद्यातला क्रम असा. कलम १५ चा छापा विशेष पोलीस अधिकाऱ्यानं घालायचा; पंचांत किमान एक बाई हवी, पथकात किमान दोन महिला पोलीस हव्यात. तिथल्या बायकांना दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं. कलम १७ खाली वय, घरची परिस्थिती, पालकांकडे पाठवणं योग्य आहे का याची चौकशी. तोवर ताबा, तीन आठवड्यांहून जास्त नाही. मदतीला पाच जणांचं मंडळ नेमता येतं, त्यात शक्यतो तीन बायका. आणि चौकशीअंती संरक्षणगृहात एक ते तीन वर्षं ठेवण्याचा हुकूम होऊ शकतो.

चुकतं ते वयाच्या मुद्द्यावर. अल्पवयीन मुलगी असेल किंवा फसवून, डांबून आणलेली असेल, तर ही तरतूद हवीच. तिथं ‘सुटका’ शब्द शंभर टक्के खरा. पण तिशी-पस्तिशीतली, स्वतः येणारी-जाणारी बाईसुद्धा त्याच प्रक्रियेत ओढली जाते. तिनं गुन्हा केलेला नाही, आरोपपत्रात ती पीडित, आणि तरी कुलूपबंद. आरोपीला निदान जामीन तरी मागता येतो. अशा वेळी बातमीत ‘ताब्यात घेतले’ लिहावं, ‘सुटका’ नव्हे. २०२२ च्या आदेशात संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांची प्रकरणं तपासायला सांगितलंय, ते याचसाठी.

भवानीमंडप
त्याच आदेशाच्या वेळी ‘वेश्याव्यवसाय कायदेशीर : सर्वोच्च न्यायालय’ असे मथळे आले होते. ते चूक म्हणायचे?

कलमदान
चूकच. बुद्धदेव कर्मास्कर खटला, १९ मे २०२२. न्यायालयानं नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशी होत्या. सज्ञान बाई स्वेच्छेनं करत असेल तर पोलिसांनी मध्ये पडू नये, छाप्यात तिला अटक करू नये, या त्यांतल्या सर्वांत ठळक. आणि केंद्र सरकारनं ज्या चारांवर हरकत घेतली त्यांत नेमक्या याच होत्या. उरलेल्या सहांची अंमलबजावणी करा, असा राज्यांना आदेश झाला : अत्याचार झाल्यास वैद्यकीय मदत, पोलिसांची वागणूक, ओळख उघड न करणं, निरोध जवळ सापडला म्हणून तो पुरावा न धरणं वगैरे. शिफारस आणि आदेश या दोन शब्दांतलं अंतर मथळ्यांनी गिळलं. राजकीय शक्यता मोजायची तर ही जागा सर्वांत बोलकी आहे. अटक नको, एवढ्यालाही सरकार बांधून घ्यायला तयार झालं नाही.

शब्दवेडी
मग तीन वेगळ्या गोष्टी तीन शब्दांनी सांगू या. ‘गुन्हेमुक्त करणे’ : तिच्यावर लागणारी कलमं काढणं, म्हणजे ७, ८, २० आणि ४ चा बराचसा भाग. ‘परवाना पद्धत’ : नोंदणी, तपासणी, ठरलेली वस्ती. ‘कामगार म्हणून मान्यता’ : रेशन, विमा, पेन्शन, तक्रार करायचा हक्क. ‘कायदेशीर करणे’ या तिन्हींना एकाच पोत्यात भरतं, त्यामुळे बाजूनं आणि विरुद्ध बोलणारे वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत बसतात. प्रत्येकीची राजकीय स्थिती काय आहे?

कलमदान
पहिली. २००६ साली केंद्रानंच दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं होतं. कलम ८ आणि २० वगळायची होती. पण सोबत नवं ५ ग घातलं, कुंटणखान्यात जाणाऱ्या गिऱ्हाइकाला शिक्षा. गिऱ्हाईक गुन्हेगार झालं की बाईनं आडबाजूला जायचं, घाईत सौदा करायचा, निरोधाचा आग्रह सोडायचा. त्यामुळे बायकांच्या संघटना विरोधात. आरोग्य मंत्रालयालाही एड्स प्रतिबंधाच्या कामासाठी ते नको होतं. सगळंच पाप म्हणणाऱ्यांना ८ काढणं नको. २००९ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं.

आणि ८ उद्या गेलंच, तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं ११०-११७ राहतं, सार्वजनिक जागी असभ्य वर्तन. रस्त्यावरच्या बाईला रोजचा त्रास त्याचाही असतो. ते राज्याचं आहे, मुंबईतच बदलता येतं, दिल्लीची वाट पाहायला नको. मागणी करणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं असं माझं ठाम मत आहे.

दुसरी, परवाना. राजकारण्यांना ऐकायला सोपी वाटते, टिकायला सर्वांत कठीण. पिटाच्या प्रस्तावनेतच न्यूयॉर्कच्या ९ मे १९५० च्या आंतरराष्ट्रीय कराराचा हवाला आहे, आणि त्या कराराच्या सहाव्या कलमात अशा बायकांची खास नोंदणी किंवा खास ओळखपत्रं लादणारे कायदे रद्द करायला सांगितलंय. इंग्रजांनी १८६८ च्या चौदाव्या कायद्यानं नोंदणी आणि सक्तीची तपासणी आणली होती. १८८८ मध्ये मागं घ्यावी लागली. परवान्याचं राजकारण कसं चालतं हे डान्सबारवरून समजतं. २००५ मध्ये बंदी, न्यायालयात ती टिकली नाही. २०१६ चा परवान्याचा कायदा आला तो अटींनी इतका गच्च की प्रत्यक्षात परवाना मिळणं दुरापास्त. देवळापासून आणि शाळेपासून एक किलोमीटर ही अट जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काढली. इथंही तसंच होणार. परवाना मोजक्या घरवाल्यांना, बाकीच्या सगळ्या बेकायदा.

निपाणीवाट
तिसऱ्या गोष्टीवर मी. ‘लैंगिक कामगार’ या शब्दाला विरोध होतो तो नैतिक असतोच, पण एक खरा प्रश्नही आहे. आपल्याकडे, इचलकरंजीच्या मागांवर म्हणा की फाउंड्रीत, कामगार म्हटलं की समोर मालक आला, हजेरी आली. इथं मालक कोण? घरवालीला मालक म्हणावं तर कलम ३. म्हणून ‘असंघटित’ किंवा ‘स्वयंरोजगार’ हे जोडल्याशिवाय तो शब्द पुरता बसत नाही.

शब्दावरून माघार कशी होते तेही मुलांना सांगा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडच्या सूचनापत्रात या बायकांना अनौपचारिक कामगारांत धरलं. आक्षेप आले, महिनाभरात ती ओळ बदलून ‘मानवतेच्या भूमिकेतून मदत’ अशा अर्थाची झाली. उलट उदाहरण २०१३ चं. फेब्रुवारीच्या वटहुकमात भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० (माणसांची तस्करी) खाली ‘शोषणा’च्या व्याख्येत वेश्याव्यवसाय हा शब्दच टाकला होता, म्हणजे स्वेच्छेनं करणारीही आपोआप तस्करीची बळी. संघटनांनी हरकत घेतली, लैंगिक अत्याचारांच्या कायद्यात बदल सुचवणाऱ्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं आपला तसा हेतू नव्हता असा खुलासा केला, आणि अंतिम कायद्यात तो शब्द गेला. संसदेवर मोर्चा न काढता, भाषण न गाजता एक शब्द निघाला. मला शक्यता दिसते ती या वाटेनं.

राज्याचंही बघा. संजय गांधी निराधार योजनेत ‘वेश्याव्यवसायातून मुक्त केलेली महिला’ पात्र आहे. ‘मुक्त केलेली’ या दोन शब्दांनी धंद्यात असलेली बाई बाहेर. पण कोविडमध्ये महाराष्ट्रानं ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० महिना ५,००० रुपये दिले, शाळेत जाणारी पोरं असतील तर २,५०० जास्त. तिथं धंदा सोडल्याची अट नव्हती. कुठला कायदा बदलला नाही, एका शासन निर्णयावर झालं.

उत्तरेश्वर
‘देवदासी’ शब्द पण मुलं सरसकट वापरतील. तो वेगळा ठेवा. देवाला सोडणं ही प्रथा, धंदा हा व्यवसाय. एकीतून दुसऱ्यात ढकललेल्या पुष्कळ, पण धंद्यातली प्रत्येक बाई सोडलेली नसते आणि प्रत्येक जोगतीण धंद्यात नसते. प्रथेवर बंदी आहे : करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० मध्ये कायदा केला, मुंबई इलाख्यात १९३४, महाराष्ट्राचा नवा २००५ चा. ती उठवा असं कुणीच म्हणत नाही.

शब्दवेडी
आता बाईसाठीचा शब्द. ‘देहविक्रय’ मला मुळातून खटकतो. देह विकला जात नाही, तिच्याकडेच राहतो. ‘कसबीण’ जुना, अरबी ‘कसब’वरून, म्हणजे कमाई, हुन्नर; पण आज ती शिवीच. आणि ‘वेश्या’ सभ्य लोक टाळतात, तर सांगलीत १९९६ पासून चालू असलेल्या बायकांच्या संघटनेनं स्वतःचं नाव वेश्या अन्याय मुक्ती परिषद ठेवलंय. त्या आपसात ‘धंदा करणारी बाई’ म्हणतात. पत्रकात ‘धंद्यातील स्त्रिया’ लिहा, कायद्याचा उल्लेख येईल तिथं कायद्यातला शब्द अवतरणात.

भवानीमंडप
मग विषय असा करतोय : ‘धंद्यातील स्त्रियांवर लागणारी पिटाची कलमे रद्द होण्याची राजकीय शक्यता’. चालेल?

कलमदान
‘पिटाची कलमे ७, ८ व २०’ असं आकड्यांसकट छापा. नुसतं ‘कलमे’ म्हटलं तर कलम ५ आणि ६ पण आली, म्हणजे बायकांना धंद्यात आणणं आणि डांबून ठेवणं. ती कुणालाच काढायची नाहीत. कलम ४ चं पत्रकाखाली टीप म्हणून द्या, ते अर्धं ठेवावं लागतं.