हानलेचे तांबडे आकाश आणि ‘ध्रुवीय’ हे विशेषण

काजवा: १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजालगतचे तांबडे आकाश टिपले. त्यावरील लेखाच्या भाषांतरात मी ‘ध्रुवीय प्रकाश’ लिहिले, तर संपादकांचा शेरा आला की सुमारे ३३ उत्तर अक्षांशावरच्या प्रकाशाला ध्रुवीय म्हणणे हा वदतोव्याघात आहे. मग काय म्हणावे?

ताम्रपट: हे विशेषण उगम सांगते, ठिकाण नव्हे. नागपुरी संत्रे पुण्याच्या मंडईत आले तरी नागपुरीच राहते. ‘अरोरा’ हा त्याचा इंग्रजी शब्द मात्र नको, कारण तो दिसला की ती दिसली यावरही एकमत नाही आणि वाचकाला आधी पंजाबी आडनाव आठवते. ‘अरुणप्रभा’ म्हणावे, दोन्ही शब्दांचे मूळ एकच असणार.

सांजवात: तसे नाही. अरोरा ही रोमन पहाटदेवी असून भाषिक नात्याने ती आपल्या उषेची बहीण आहे. अरुणाशी केवळ ध्वनिसाम्य आहे. शिवाय नॉर्वेतल्या हिरव्या प्रकाशालाही अरुणप्रभाच म्हणणार का?

निरभ्र: उगमाचा मुद्दाही इथे पुरता लागू पडत नाही. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने या दृश्याला स्थिर तांबडी कमान म्हटले होते. नेहमीच्या ध्रुवीय प्रकाशात वरून येणारे इलेक्ट्रॉन वातावरणावर आदळतात. कमानीत मात्र पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहातील, म्हणजे विद्युतभारित कणांच्या कड्यातील, उष्णता आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरात, झिरपते आणि तिथला ऑक्सिजन ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश देतो. मी सरळ ‘तांबडी कमान’ लिहीन. ‘दिसली’ हे क्रियापदही जपून वापरावे, कारण अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातील पेशींना तांबडा रंग जवळजवळ जाणवत नाही, कॅमेरा मात्र तो साठवत राहतो.

ताम्रपट: म्हणजे डोळ्यांवरचा विश्वासही सोडायचा! ४ फेब्रुवारी १८७२ च्या सौरवादळात मुंबईतून असा प्रकाश दिसल्याची नोंद आहे आणि तेव्हा मुंबई–एडन तारायंत्राच्या तारेतही व्यत्यय आला होता. ते लोकांनी पाहिले, कोणी टिपले नाही.

सांजवात: मुंबई तर १९ अक्षांशांवर आहे, त्यामुळे संपादकांचा शेरा तिथे अधिकच लागू होतो. पण ‘तांबडी कमान’ वाचून मला लग्नमंडपाचे प्रवेशद्वार आठवते, त्याचे काय करावे?

काजवा: ‘ज्ञानप्रकाश’ किंवा ‘इंदुप्रकाश’ या वृत्तपत्रांचे १८७२ चे अंक कोणाच्या पाहण्यात आहेत का? त्या रात्रीबद्दल त्यांनी काही लिहिले असल्यास कोणता शब्द वापरला, हे मला संपादकांना दाखवता येईल.